गर्टनच्या भिंती आणि आमचें कुलूप

आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थिनींसाठीं नवें वसतिगृह बांधावयाचें घाटत आहे, आणि त्याच्या आराखड्याचा विचार करण्यासाठीं जी समिति नेमण्यांत आली तींत आमचाहि समावेश झाला आहे. अध्यापनांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास समित्यांची संवय होते. तेथें चहा घ्यावा, मान डोलवावी आणि इतिवृत्तावर सही करून घरीं यावें, ही रीत आम्हांसहि अवगत आहे. तथापि गेल्या बैठकींत जें घडलें तें मुकाट्यानें गिळून टाकणें आम्हांस शक्य झालें नाहीं, आणि बैठकींत बोलावयास मिळालें नाहीं म्हणून येथें लिहावें लागत आहे.

एका सन्माननीय सदस्यांनीं टेबलावर एक रंगीत चित्र ठेविलें. लाल विटांची लांबच लांब इमारत, मध्यें कमानदार देवडी, देवडीवर मनोरा, पुढें हिरवळ. ते म्हणाले, "हें इंग्लंडांतील गर्टन कॉलेज. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची ही गंगोत्री. येथेंहि एकच देवडी आहे, आंत एकच लांब बोळ आहे, आणि केंब्रिज शहर चांगलें दोन-अडीच मैल दूर ठेविलें आहे. ज्यांनीं जगाला स्त्रीशिक्षण शिकविलें त्यांनीं आपल्या मुली अशा बंदोबस्तांत ठेविल्या. मग आपल्या एका दरवाज्याला आणि सात वाजतांच्या कुलुपाला नांवें ठेवणारे आपण कोण?" सभेंतील माना डोलल्या. आराखडा जवळजवळ संमत झाल्यासारखाच झाला. त्या आराखड्यांत प्रत्येक खोलींत चार खाटा आहेत, चार लोखंडी कपाटें आहेत, आणि लिहिण्याचें टेबल एकहि नाहीं. अभ्यासाची स्वतंत्र खोली नाहीं. देवडीपाशीं मात्र पहारेकऱ्याची चौकी, भेटीस येणाऱ्यांचें दालन आणि रेक्टरबाईंचें कार्यालय हीं तिन्हीं प्रशस्त आहेत.

चित्र खरें होतें. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्ध्याच सत्यावर उभा होता, आणि अर्धें सत्य हें पुऱ्या असत्यापेक्षां अधिक घातक असतें. कारण त्याला पुरावा दाखवितां येतो. म्हणून गर्टनची इमारत कोणी, कां व कशी बांधली, तिच्या देवडीच्या आंत काय होतें, आणि आमच्या मित्रांनीं चित्र दाखवितांना काय झांकून ठेविलें, तें वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

एमिली डेव्हिस या बाईंनीं बार्बरा बोदिशॉन वगैरे मैत्रिणींच्या साह्यानें १८६९ सालीं हिचिन या गांवीं भाड्याच्या घरांत पांच विद्यार्थिनींवर आपल्या विद्यालयाचा आरंभ केला. पुढें १८७३ सालीं गर्टन या खेड्याजवळ स्वतःची इमारत उभी राहिली. शिल्पज्ञ होते आल्फ्रेड वॉटरहाउस; मँचेस्टरचें नगरभवन आणि लंडनचें सृष्टिविज्ञानाचें सुप्रसिद्ध संग्रहालय यांचेच ते कर्ते. त्यांनीं येथें लाल वीट आणि ट्यूडर काळाची आठवण करून देणारी गॉथिक धाटणी योजिली. ही इमारत एका दमांत झालेली नाहीं. पैसा जमेल तसतशी एकेक बाजू वाढत गेली. चित्रांत दिसणारा देवडीवरचा मनोरा तर १८८७ च्या सुमाराचा आहे, म्हणजे विद्यार्थिनी तेथें राहूं लागल्यानंतर चौदा वर्षांनीं आलेला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. आधीं खोल्या झाल्या. देवडीचा थाट मागाहून आला. आमच्या आराखड्यांत हा क्रम नेमका उलटा आहे.

आतां आमच्या मित्रांच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें आम्ही हातचें राखून न ठेवतां प्रथम मान्य करतों. केंब्रिजमधील पुरुषांच्या जुन्या कॉलेजांची रचना आपल्या वाड्यासारखी असते. मध्यें चौक, चौकाच्या चारी बाजूंस ठिकठिकाणीं जिने, आणि प्रत्येक जिन्यावर कांहीं बिऱ्हाडें. विद्यार्थी चौकांतून थेट आपल्या जिन्यावर जातो. तो केव्हां आला, कोणाबरोबर आला, हें शेजारच्या जिन्यावरील मनुष्यास कळण्याचें कारण नसतें. त्याच्या बिऱ्हाडाला दुहेरी दार असतें, आणि बाहेरचें दार लावलेलें असलें कीं "मला त्रास देऊं नका" असा त्याचा अर्थ सर्वांनीं समजावयाचा, असा तेथील संकेत आहे. वॉटरहाउस यांनीं गर्टनमध्यें हे जिने टाकून दिले आणि त्यांच्या जागीं लांब बंदिस्त बोळ घातला. सर्व खोल्यांचीं दारें त्या बोळांत उघडतात आणि बोळ देवडीशीं येऊन मिळतो. पावसांत व थंडींत न भिजतां भोजनगृहापर्यंत जातां यावें हा त्याचा एक उपयोग खराच. पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलीवर नजर राहावी हाहि हेतु त्यांत होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनी विद्यापीठाच्या व्याख्यानास जात तेव्हां त्यांच्याबरोबर एक वडीलधारी सोबतीण बसत असे. शहरापासूनचें अंतरहि डेव्हिसबाईंनीं बुद्ध्याच पसंत केलें होतें. हें सगळें खरें आहे; आणि आमचे मित्र एवढेंच सांगून थांबले नसते तर आम्हांस लेखणी हातीं धरण्याचें प्रयोजन पडलें नसतें.

परंतु बोळांत उघडणाऱ्या त्या दारांच्या पलीकडे काय होतें? प्रत्येक दारापलीकडे एका मुलीच्या मालकीच्या दोन खोल्या होत्या: एक निजण्याची आणि एक बसण्याची. चार मुलींत एक खोली नव्हे. एका मुलीला दोन. बसण्याच्या खोलींत तिची शेकोटी, तिचें टेबल, तिची पुस्तकें, तिच्या खुर्च्या. दार लावलें कीं तें तिच्या परवानगीवांचून उघडावयाचें नाहीं. आणि ही गोष्ट शिल्पज्ञाच्या लहरीनें झालेली नव्हती. विटेवर वीट चढण्यापूर्वीं पांच वर्षें, १८६८ सालीं, नियोजित विद्यालयाची माहिती लोकांपुढें ठेवितांना डेव्हिसबाईंनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं प्रत्येक विद्यार्थिनीस स्वतःची लहानशी बैठकीची खोली मिळेल, तेथें तिला अभ्यासांत कोणी व्यत्यय आणणार नाहीं, आणि मैत्रिणींना केव्हां बोलवावें व कोणास बोलवावें हें ती स्वतः ठरवील. वसतिगृहाची सगळी कल्पना या एका आश्वासनाभोंवतीं रचिलेली आहे. देवडी आणि बोळ हे त्या काळच्या आईबापांना व टीकाकारांना दिलेले जामीन होते; खोली हा मूळ व्यवहार होता. जामिनाचा कागद तेवढा उचलून आणावयाचा आणि मूळ व्यवहार तेथेंच टाकून यावयाचें, याला अनुकरण म्हणत नाहींत.

खोलीला एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. ज्यांना जन्मापासून खोली मिळत आली आहे त्यांस हा प्रश्न सुचणें स्वाभाविक आहे. आपल्या जुन्या वाड्यांची मांडणी आठवून पाहा. देवडी पहारेकऱ्याची, ओसरी पुरुषांची, दिवाणखाना पाहुण्यांचा, देवघर देवांचें, आणि मग माजघर व स्वयंपाकघर हीं बायकांचीं. पण माजघर हें सर्व बायकांचें, म्हणजे कोणा एकीचेंच नव्हे. तेथें निजावयाचें तें सगळ्यांत, रडावयाचें तें सगळ्यांदेखत, आणि वाचावयाचें म्हटलें तर सगळ्यांच्या टोमण्यांत. रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत सासरच्या बायकांकडून शिकण्यापायीं काय काय सोसावें लागलें तें सांगितलें आहे, आणि तें पुस्तक मराठी वाचकांस सुपरिचित आहे. त्यांना शिकविणारा पति न्यायमूर्ति होता, घरांत कशाची वाण नव्हती. तरीहि निवांतपणें अक्षर गिरविण्याची जागा ही त्या भरल्या घरांत सर्वांत दुर्मिळ वस्तु होती. इंग्लंडांतील मध्यमवर्गीय घरांची गोष्ट याहून फार निराळी होती असें नाहीं. तेथेंहि मुलगी दिवाणखान्यांत आईजवळ बसे. पाहुणा आला कीं पुस्तक मिटावयाचें, धाकटा भाऊ रडला कीं उठावयाचें. मुलीचा वेळ हा घरांतील प्रत्येकाचा वेळ, ही समजूत दोन्हीं देशांत सारखीच होती. गर्टनच्या खोलीनें पहिल्यानें असें जाहीर केलें कीं या मुलीचा वेळ तिचा स्वतःचा आहे. पुढें १९२८ सालीं व्हर्जिनिया वुल्फ यांनीं न्यूनहॅम व गर्टन येथें जीं व्याख्यानें दिलीं, आणि ज्यांतून स्त्रीच्या स्वतःच्या खोलीविषयींचें त्यांचें जगप्रसिद्ध पुस्तक निर्माण झालें, तीं याच भिंतींच्या सहवासांत दिलीं गेलीं, हा आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाहीं.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. "तीं श्रीमंतांचीं विद्यालयें, आम्हांस सरकारी अनुदानांत भागवावयाचें आहे," असें समितींत ऐकावयास मिळालेंच. श्रीमंती पाहावयाची असेल तर ती एगम येथील रॉयल हॉलोवे कॉलेजांत पाहावी. गोळ्या आणि मलमें विकून अफाट पैसा मिळविलेल्या थॉमस हॉलोवे यांनीं पत्नीच्या सल्ल्यावरून स्त्रियांसाठीं विद्यालय उभारण्याचें ठरविलें, आणि विल्यम क्रॉसलंड या शिल्पज्ञानें फ्रान्सच्या शांबोर येथील राजवाड्यावरून स्फूर्ति घेऊन दोन प्रचंड चौकांची लाल इमारत बांधली. पतिपत्नी दोघेंहि ती पुरी होण्यापूर्वींच निवर्तलीं. १८८६ च्या जून महिन्यांत व्हिक्टोरिया राणीनें तिचें उद्घाटन केलें. एका चौकांत राणीचा पुतळा आहे, दुसऱ्यांत हॉलोवे दांपत्याचा. मनोरे, नक्षी, चित्रशाळा यांवर तेथें पैसा ओतलेला दिसतो, आणि त्यांतील बराचसा दिखाऊपणाहि आहे. परंतु अडीचशें विद्यार्थिनींसाठीं योजिलेल्या त्या राजवाड्यांतसुद्धां प्रत्येकीस अभ्यासाची एक व निजण्याची एक अशा दोन खोल्या मिळाव्या, हें सूत्र सुटलेलें नाहीं.

पण आम्हांस राजवाडा नको. आम्ही न्यूनहॅमचें उदाहरण घेतों, कारण तेथें पैशाची ओढाताण होती आणि म्हणून तें आमच्या उपयोगाचें आहे. १८७१ सालीं हेन्री सिज्विक यांनीं केंब्रिजमध्यें एक घर भाड्यानें घेतलें व ॲन जेमायमा क्लफ यांच्या देखरेखीखालीं तेथें पांच विद्यार्थिनी राहूं लागल्या. १८७५ सालीं बेसिल चॅम्पनीज यांनीं बांधलेली पहिली इमारत पुरी झाली. चॅम्पनीज यांनीं गॉथिक मनोऱ्यांचा मोह टाळून क्वीन ॲन शैली म्हणून ओळखली जाणारी घरगुती धाटणी पत्करली: लाल वीट, पांढऱ्या चौकटींच्या उंच खिडक्या, वळणदार त्रिकोणी माथे, आणि सर्वांची तोंडें बागेकडे. जवळजवळ पस्तीस वर्षें तेच एक शिल्पज्ञ एकामागून एक सदनें त्या बागेभोंवतीं गुंफीत राहिले. येथें खर्च वांचवावयाचा होता. तो कसा वांचविला? गर्टनच्या दोन खोल्यांची येथें एक खोली केली. निजणें आणि अभ्यास एकाच खोलींत. पण ती एक खोली एकीचीच राहिली. काटकसरीची सुरी फिरतांना खोल्यांची संख्या कमी झाली, नक्षी कमी झाली. मुलीचा एकांत मात्र कापला गेला नाहीं. आणि त्याच तुटपुंज्या पैशांतून १८७९ सालीं मुलींसाठीं स्वतंत्र प्रयोगशाळाहि उभी राहिली. अशा एका खोलींत बसून अभ्यास केलेल्या फिलिपा फॉसेट या मुलीनें १८९० सालीं गणिताच्या परीक्षेंत पहिल्या आलेल्या पुरुषाहूनहि वरचें स्थान मिळविलें. खोलीमुळें ती पहिली आली असें आम्ही म्हणत नाहीं. चार खाटांच्या गलबल्यांत तिला तें साधलें असतें काय, एवढेंच विचारतों.

तेव्हां पैसा कमी आहे म्हणून एका खोलींत चार खाटा, हा न्याय व्हिक्टोरियन इंग्लंडचा नव्हे; तो आमचा स्वतःचा आहे, आणि त्याचें पितृत्व आम्हींच पत्करलें पाहिजे. शिवाय पैशाची ही सबब आम्ही विश्वासानें ऐकलीहि असती, जर त्याच आवारांतील मुलांच्या वसतिगृहांत एका खोलींत दोनच विद्यार्थी राहात नसते, आणि त्या प्रत्येकास टेबल व खुर्ची मिळालेली नसती. मुलांच्या बाबतींत ज्याला आवश्यक सोय म्हणतात त्यालाच मुलींच्या बाबतींत चैन म्हणावयाचें, हा हिशेब कोणत्याहि अंकगणितांत बसत नाहीं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. हा शब्द उच्चारला कीं सर्व तोंडें बंद होतात, म्हणून त्याचाच विचार अधिक निर्भयपणें केला पाहिजे. गर्टन शहरापासून दूर. आग लागली तर शहरांतून बंब येईपर्यंत सर्व भस्म व्हावयाचें. हें ध्यानीं घेऊन तेथील व्यवस्थापकांनीं काय केलें? कुलुपांची संख्या वाढविली काय? नाहीं. १८७९ सालीं तेथील विद्यार्थिनींनीं स्वतःचेंच अग्निशामक पथक उभारलें, लंडनच्या अग्निशामक दलाकडून कवायत शिकून घेतली, आणि हें पथक पुढें पन्नासांहून अधिक वर्षें चाललें. घोळदार झगे नेसणाऱ्या त्या मुली पाण्याच्या बादल्या हातोहात पोंचविण्याचा आणि हातपंप चालविण्याचा सराव करीत. सुरक्षिततेचा प्रश्न आला तेव्हां व्हिक्टोरियन बाईनें मुलींना समर्थ केलें. आम्ही दार बंद करतों. आणि ज्या इमारतींतून बाहेर पडावयास एकच दरवाजा आहे व तो बाहेरून कुलूपबंद आहे, तींत रात्रीं आग लागली तर काय होईल, याचें उत्तर आमच्या आराखड्यांत आम्हीं शोधिलें. तें सांपडलें नाहीं.

देवडी कोणाविरुद्ध बांधावयाची, हाहि विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मिस क्लफ यांच्या स्मरणार्थ न्यूनहॅमच्या देवडीस ब्राँझचे सुंदर दरवाजे बसविलेले आहेत. १९२१ सालीं स्त्रियांना विद्यापीठाचें पूर्ण सभासदत्व देण्याचा ठराव फेटाळला गेला, तेव्हां विजयाच्या उन्मादांत पुरुष विद्यार्थ्यांचा एक जमाव न्यूनहॅमवर चालून गेला आणि त्यानें हातगाडी आदळून त्या दरवाज्यांचा खालचा भाग मोडला. आंतल्या मुलींनीं कोणाचें कांहीं मोडलेलें नव्हतें. ज्यांना आवरण्याची गरज होती ते देवडीच्या बाहेर होते. आणि शतकभर नियमांचे पाश आवळले गेले ते देवडीच्या आंतल्यांवर. आमच्याकडेहि रस्त्यावर उभें राहून शीळ घालणारा मोकळा असतो आणि जिच्याकडे पाहून शीळ घातली ती सात वाजतां कुलुपाआड जाते. रोग एकाला आणि पथ्य दुसऱ्याला, असें हें वैद्यक आहे. हें केवळ आमचें मत नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत असें स्पष्ट म्हटलेलें आहे कीं सुरक्षिततेची सबब पुढें करून वसतिगृहांतील विद्यार्थिनींवर विद्यार्थ्यांहून निराळे, पक्षपाती निर्बंध लादूं नयेत. आमचें ग्रंथालय रात्रीं दहापर्यंत उघडें असतें. सात वाजतां कुलूप लागल्यावर तेथें कोण बसूं शकतो आणि कोण बसूं शकत नाहीं, हें सांगावयास विनियमांचीहि गरज नाहीं. खुर्च्यांकडे पाहिलें तरी पुरे.

तिसरा आक्षेप आईबापांचा. "असा बंदोबस्त नसेल तर पालक मुली पाठविणार नाहींत." हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. खेड्यांतून मुलीला शिकावयास पाठविणाऱ्या बापाला गांवाच्या तोंडास तोंड द्यावें लागतें, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्ही स्वतः अशाच एका गांवांतून आलों आहों. पण डेव्हिसबाईंपुढेंहि हेच पालक होते. त्यांनीं पालकांना देवडी दिली आणि मुलींना खोली दिली. एकाला दिलेलें वचन दुसरीच्या वाट्यांतून फेडलें नाहीं. पालकाला हवी असते ती मुलगी सुखरूप असल्याची खात्री. ती खात्री उजळ दिव्यांनीं मिळते, चांगल्या रस्त्यानें मिळते, रात्रीं ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत सोबत करणाऱ्या रखवालदारानें मिळते, बाहेर जातांना नांव लिहून ठेवण्याच्या साध्या वहीनेंहि मिळते. चार खाटांच्या दाटीनें ती कशी मिळते, हें आम्हांस अजून कोणी समजावून सांगितलेलें नाहीं.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण तोच सर्वांच्या मुळाशीं आहे. मुलगी एकटी खोलींत असली, दार लावलेलें असलें, तर ती करील तरी काय, ही ती शंका. याचें उत्तर आम्ही आमच्या अनुभवांतून देतों. कांहीं वर्षांपूर्वीं परीक्षेच्या दिवसांत एका संध्याकाळीं आम्हांस कांहीं कामानिमित्त जुन्या वसतिगृहाच्या कार्यालयांत जावें लागलें. रेक्टरबाई गच्चीवरील पाण्याच्या टाकीचा बिघाड दाखविण्यास आम्हांस वर घेऊन गेल्या. जिन्याच्या शेवटच्या वळणावर, टाकीच्या नळाखालीं, उघड्या दिव्याच्या उजेडांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी पायरीवर बसून गुडघ्यांवर वही ठेवून लिहीत होती. आम्हांस पाहतांच ती दचकून उभी राहिली आणि चोरी सांपडावी तशी वही पाठीमागें लपवूं लागली. "खालीं जागा नाहीं, सर," एवढेंच ती बोलली. रेक्टरबाई तिच्यावर रागावल्या, कारण गच्चीच्या जिन्यावर बसण्यास मनाई होती. आम्ही कांहीं बोललों नाहीं. तीस वर्षें वाङ्मय शिकविणाऱ्या आमच्या तोंडीं त्या वेळीं एकहि शब्द आला नाहीं, याची लाज आम्हांस आजहि वाटते. हा लेख लिहिण्यास आम्ही जे प्रवृत्त झालों, त्याचें खरें कारण गर्टनचें चित्र नसून ती पायरी आहे. एकटी मुलगी काय करील, असें विचारणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं ती बहुधा लिहील.

या विवेचनावरून आम्ही व्हिक्टोरियन वसतिगृहांचे भाट झालों आहों असा कोणी समज करून घेऊं नये. त्या खोल्यांतील शेकोट्यांसाठीं कोळसा वाहून नेणाऱ्या आणि फरशा पुसणाऱ्या मोलकरणीहि स्त्रियाच होत्या. त्यांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या नाहींत, आणि त्यांचीं नांवें कोणत्याहि कोनशिलेवर नाहींत. त्या देवडींतून आंत शिरणाऱ्या मुली बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरच्या होत्या. आणि विद्यापीठानें तर त्यांच्याशीं कमालीचा कंजूषपणा केला. परीक्षेस बसण्याची रीतसर परवानगी १८८१ सालीं मिळाली; पूर्ण पदवी व सभासदत्व मिळावयास १९४८ साल उजाडावें लागलें. म्हणजे गर्टनची इमारत उभी राहिल्यावर पंचाहत्तर वर्षेंपर्यंत त्या खोल्यांत राहणाऱ्यांना अभ्यास होता, परीक्षा होती, यश होतें, पण केंब्रिजची खरी पदवी नव्हती. ऑक्सफर्डमध्यें, नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी सॉमरव्हिल येथें राहून कायद्याच्या परीक्षेस १८९२ सालीं बसल्या. त्यांच्या हातीं पदवी पडली ती १९२२ सालीं. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. विद्यापीठ जें देण्यास तयार नव्हतें तें इमारतीनें आधींच देऊन टाकलें होतें. सभागृहांत मतें मोजलीं जात होतीं, ठराव पडत होते. पण विटांनीं दिलेलें मत कोणास परत घेतां येत नव्हतें. ज्या मुलीला तीन वर्षें स्वतःचें दार मिळालें तिला पुढें जन्मभर दाराबाहेर उभें राहणें रुचलें नाहीं.

आमच्या येथें स्थिति अगदीं उलटी आहे. कायदा उदार आहे, पदवी सर्वांस खुली आहे, विनियम निःसंदिग्ध आहेत, आणि आमच्या वर्गांत मुलांच्या बरोबरीनें मुली बसतात. मागें आहे ती फक्त इमारत. केंब्रिजच्या भिंती आपल्या विद्यापीठाच्या पुढें होत्या. आमच्या भिंती आमच्याच घटनेच्या मागें आहेत. आणि कायदा बदलावयास एक बैठक पुरते, पण चुकीची बांधलेली भिंत पन्नास-पाऊणशें वर्षें चुकीचेंच शिकवीत उभी राहाते. म्हणून आतांच, पाया खणण्यापूर्वीं, बोललें पाहिजे.

केवळ दोष दाखवून थांबणें आमच्या पेशास शोभणार नाहीं. म्हणून समितीपुढें लेखी देणार असलेल्या सूचना येथेंहि नमूद करतों. पहिली: एका विद्यार्थिनीस एक खोली द्यावी, मग ती कितीहि लहान असो, खाट, टेबल, फडताळ आणि खिडकी एवढें तींत मावलें म्हणजे झालें. तेवढा निधि आज नसेल तर गर्टनप्रमाणें आज एकच बाजू बांधावी आणि पुढील बाजूंसाठीं जागा मोकळी ठेवावी. दुसरी: सर्व खोल्या होईपर्यंत अगदीं अपरिहार्यच असेल तर दोघींत एक खोली असावी, पण टेबलें दोन असावींत, आणि प्रत्येक मजल्यावर रात्रभर उघडी राहाणारी अभ्यासिका असावी. तिसरी: भेटीचें दालन व कार्यालय यांचा पसारा निम्मा करून ती जागा ग्रंथांसाठीं द्यावी. चौथी: बाहेर पडावयास किमान दोन वाटा असाव्यात, त्या आंतून उघडणाऱ्या असाव्यात, आणि आग विझविण्याची कवायत मुलींनीं स्वतः करावी. पांचवी: दरवाजा बंद होण्याची वेळ मुलांची जी तीच मुलींची.

या सूचना मान्य होतील अशी आम्हांस फारशी आशा नाहीं. समितींत आमचें एक मत आहे आणि बैठकीस येणारे नऊ जण आहेत. परंतु पुढील बैठकींत तें रंगीत चित्र पुनः टेबलावर येईल, तेव्हां आम्ही एवढीच विनंति करणार आहों: देवडीचें चित्र पुष्कळ पाहून झालें, आतां बोळांतील एक दार उघडा, आणि आंतल्या खोलींत किती खाटा आहेत त्या मोजा. मोजून झाल्यावरहि ज्यांना आमचा आराखडा गर्टनसारखा वाटेल, त्यांनीं तो खुशाल संमत करावा. पण मग इतिवृत्तांत गर्टनचें नांव घालूं नये. त्या इमारतीनें आपल्या काळाचे पुष्कळ दोष अंगावर वागविले आहेत. आमचा दोष तिच्या माथीं मारण्याचें कांहींच कारण नाहीं.